हरणाच्या शिकारीसाठी जुनी लष्करी रायफल

लष्कराने सेवेतून काढून नागरी बाजारात विकलेल्या रायफलीला अमेरिकेत 'सरप्लस' रायफल म्हणतात. अशा रायफली तेथे मुबलक आणि स्वस्त का झाल्या, हे समजून घेतले तर त्यांचे गुण आणि दोष दोन्ही ओळखता येतात. दोन महायुद्धांसाठी युरोप, आशिया आणि अमेरिकेतील कारखान्यांनी कोट्यवधी बोल्ट-अ‍ॅक्शन रायफली तयार केल्या. बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलीत गोळी झाडल्यावर बोल्ट हाताने उचलून मागे ओढला की रिकामे काडतूस बाहेर पडते आणि तो पुढे ढकलून बसवला की नवे काडतूस नळीत चढते. युद्धानंतर बहुतेक सैन्यांनी अर्धस्वयंचलित आणि स्वयंचलित शस्त्रे स्वीकारली, तेव्हा हा प्रचंड साठा मोडीच्या भावाने विकला गेला. १९६३ मध्ये अध्यक्ष केनेडी यांची हत्या टपालाने मागवलेल्या एका इटालियन सरप्लस रायफलीने झाली आणि १९६८ च्या बंदूक नियंत्रण कायद्याने टपालविक्रीबरोबरच परदेशी लष्करी शस्त्रांची आयातही थांबवली. १९८४ मध्ये संग्राह्य मानल्या गेलेल्या जुन्या शस्त्रांपुरती ती पुन्हा खुली झाली, आणि १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळल्यावर तेथील कोठारांतील मोसिन-नागां रायफलींचा लोंढा अमेरिकेत आला.

२०१० च्या सुमारास ही रशियन रायफल शंभर डॉलरांच्या आत मिळत असे. ते दिवस आता गेले आहेत. कोठारे रिकामी झाली, निर्बंध आले, संग्राहक वाढले आणि तीच रायफल आज काहीशे डॉलरांना जाते. तरीही घरातील वडीलधाऱ्यांकडून मिळालेली, जुन्या मालाच्या विक्रीत हाती लागलेली किंवा पूर्वीच्या मालकाने कापून-छाटून संग्राहकांच्या दृष्टीने कवडीमोल केलेली लष्करी रायफल अजूनही पुष्कळदा नव्या शिकारी रायफलीपेक्षा स्वस्त पडते. अशा रायफलीने हरणाची शिकार निश्चित करता येते, परंतु एक हिशेब खरेदीपूर्वीच मनाशी पक्का करावा लागतो. किमतीत वाचलेला पैसा बंदूक-कारागिराकडील तपासणी, शिकारीची काडतुसे आणि सराव यांसाठी राखून ठेवायचा असतो; तो खर्च टाळणाऱ्याच्या हाती पडलेली स्वस्त रायफल त्याला स्वतःला धोकादायक ठरते आणि सावजाच्या वाट्याला हाल आणते.

येथे कायद्याची चौकट आधीच सांगितली पाहिजे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने चितळ, सांबर, काळवीट अशा प्राण्यांच्या शिकारीला मनाई केली आहे, आणि .३०३ किंवा ७.६२ मिलिमीटर ही लष्करी काडतुसे झाडणारी रायफल सामान्य परवानाधारकाला बाळगता येत नाही. याच कारणाने ईशापूरच्या सरकारी कारखान्याने नागरिकांसाठी .३१५ बोअरची वेगळी रायफल बनवली. म्हणून पुढील विवेचन केवळ अमेरिकेतील परिस्थितीला लागू आहे आणि तेथे स्थायिक झालेल्या मराठी वाचकांनाच ते प्रत्यक्ष उपयोगी पडेल. त्यांच्यापैकी ग्रीन कार्डधारकांना रायफल विकत घेण्यास संघराज्याच्या कायद्याची सर्वसाधारण आडकाठी नाही. एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांना मात्र मूळ नियमाने बंदूक बाळगण्यास मनाई आहे आणि अमेरिकेतील एखाद्या राज्याने दिलेला, मुदतीतील शिकार-परवाना जवळ असेल तरच त्या मनाईतून सूट मिळते. अधिकृत विक्रेत्याकडे भराव्या लागणाऱ्या ४४७३ क्रमांकाच्या अर्जात हीच माहिती विचारलेली असते. तेथे चुकीचे उत्तर देणे हा गंभीर गुन्हा असल्यामुळे परवान्याचा कागद आधी आणि रायफल नंतर, हा क्रम व्हिसाधारकाने कधीही उलटा करू नये.

निवडीचा प्रश्न मुख्यतः काडतुसाचा आहे. पांढऱ्या शेपटीच्या हरणासाठी, म्हणजे अमेरिकेत सर्वाधिक शिकार होणाऱ्या व्हाइटटेलसाठी, फार मोठी शक्ती लागत नाही. १८९५ पासून वापरात असलेल्या .३०-३० विंचेस्टर काडतुसाने असंख्य हरणे टिपली आहेत आणि त्याची १७० ग्रेन वजनाची गोळी सेकंदाला सुमारे ६७० मीटर वेगानेच निघते. ग्रेन हे गोळीच्या वजनाचे रूढ परिमाण असून १५.४ ग्रेन म्हणजे एक ग्रॅम. मोसिन-नागांच्या ७.६२ × ५४ आर या काडतुसाची १८० ग्रेनची गोळी सुमारे ७९० मीटर वेगाने निघते, आणि ब्रिटिश .३०३ ची त्याच वजनाची गोळी ७५० च्या आसपास. स्वीडिश माउझरचे ६.५ × ५५ हे काडतूस स्कँडिनेव्हियात हरणापेक्षा कितीतरी मोठ्या मूसच्या शिकारीला वापरले जाते, तर स्वित्झर्लंडच्या के-३१ रायफलीचे ७.५ × ५५ हेही तोडीस तोड आहे. हरणाच्या दृष्टीने यांपैकी कोणतेही काडतूस अपुरे नाही. केवळ एसकेएस या सोव्हिएत अर्धस्वयंचलित रायफलीचे ७.६२ × ३९ हे लहान काडतूस मर्यादेवर आहे आणि त्याचा वापर शंभर यार्डांच्या आसपासच ठेवणे शहाणपणाचे आहे.

मराठी वाचकाला सर्वांत जवळची वाटेल ती ली-एनफिल्ड. पोलिसांच्या खांद्यावरची 'थ्री-नॉट-थ्री' म्हणून महाराष्ट्राने ती पिढ्यान्‌पिढ्या पाहिली आहे. शिकारीसाठी तिचा क्रमांक ४ हा नमुना अधिक सोयीचा, कारण त्याची मागची साइट छिद्राची आहे. डोळ्याजवळच्या छिद्रातून पाहताना दृष्टीला मागची खाच, पुढची काडी आणि सावज अशा तीन वस्तूंऐवजी दोनच वस्तूंवर लक्ष द्यावे लागते आणि चाळिशी लागलेल्या नेमबाजाला हा फरक लगेच जाणवतो. तिचा बोल्ट वेगाने फिरतो आणि सेफ्टी कॅच अंगठ्याखाली सहज येतो. हिचीच भारतीय धाकटी बहीण म्हणजे ईशापूर २ए आणि २ए१. १९६२ च्या चीन युद्धानंतर भारताने ७.६२ मिलिमीटर नाटो काडतूस स्वीकारले, तेव्हा पश्चिम बंगालमधील ईशापूर येथे जुन्या क्रमांक १ च्या धर्तीवर, पण अधिक दाब सोसणाऱ्या पोलादात ही रायफल घडवली गेली आणि कालांतराने तीही अमेरिकी सरप्लस बाजारात पोहोचली. तिच्यासाठी अमेरिकेतील सर्वांत सुलभ शिकारी काडतूस, .३०८ विंचेस्टर, वापरले जाते. परंतु .३०८ आणि ७.६२ नाटो ही काडतुसे बाहेरून सारखी दिसली तरी लष्करी चेंबरची, म्हणजे काडतूस बसते त्या पोकळीची, मापे किंचित सैल असतात. म्हणून ईशापूर रायफल कारागिराकडून मोजून घेतल्याशिवाय तिच्यात व्यापारी काडतूस घालू नये आणि नंतरही १५० ग्रेनची सौम्य भरणीच पसंत करावी. एकोणिसाव्या शतकातील रचनेच्या स्पॅनिश माउझरांचे पुढे ७.६२ मध्ये रूपांतर केले गेले. त्यांच्या बाबतीत तर ही सावधगिरी दुप्पट पाळली पाहिजे.

अमेरिकेची स्वतःची एम-१ गरँड ही आठ गोळ्यांची अर्धस्वयंचलित रायफल सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅम या संस्थेकडून मिळते, मात्र तेथे खरेदीदार अमेरिकी नागरिक असावा लागतो आणि आता तिला स्वस्त म्हणता येत नाही. शिवाय आजची जड, जोरकस .३०-०६ शिकारी काडतुसे तिच्यात चालवल्यास बोल्ट मागे ढकलणारा लांब दांडा वाकू शकतो. मूळ अमेरिकी स्प्रिंगफील्ड १९०३ घेणाऱ्याने प्रथम अनुक्रमांक पाहावा. स्प्रिंगफील्ड कारखान्यातील ८,००,००० पेक्षा कमी आणि रॉक आयलंड कारखान्यातील २,८५,५०७ पेक्षा कमी क्रमांकाच्या रायफलींचे पोलाद सदोष उष्णोपचारामुळे ठिसूळ असू शकते, त्यामुळे त्या भिंतीवरच शोभतात.

खरेदी करताना पहिली वीस मिनिटे रायफलीवर नीट घालवावीत. सरप्लस रायफल बहुधा कॉस्मोलीन नावाच्या घट्ट, पिवळसर तपकिरी ग्रीसने माखलेली असते. दशकानुदशके साठवणीत गंज न चढण्यासाठी लावलेले हे ग्रीस रॉकेल किंवा मिनरल स्पिरिटने, उघड्या हवेत आणि आगीपासून दूर, पुसून काढावे लागते. लाकडावरचे ग्रीस निघाले नाही तर ते हातालाच चिकटते, पण काडतूस ज्या पोकळीत बसते त्या चेंबरमध्ये त्याचा पातळ थर राहिला तर दोन-चार गोळ्यांच्या उष्णतेने तो चिकट होतो आणि बोल्ट उघडण्यासाठी तळहाताने ठोकावे लागते. मोसिनची 'अडकणारा बोल्ट' ही कुप्रसिद्ध तक्रार पुष्कळ वेळा एवढ्यावरूनच उद्भवते. चेंबरच्या मापाचा पितळी ब्रश घेऊन ती पोकळी चकचकीत होईपर्यंत घासली की ती तक्रार बहुधा मिटते.

यानंतर नळी पाहावी. बोल्ट काढून, मागून उजेडाकडे धरले असता आतील पीळदार चर, ज्यांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत सरळ जाते, ते सुरुवातीपासून तोंडापर्यंत स्पष्ट कडांचे दिसले पाहिजेत. काळवंडलेली पण टोकदार चरांची नळी शिकारीला पुरते. चकचकीत पण झिजून गुळगुळीत झालेली नळी पुरत नाही. झीज बहुधा नळीच्या तोंडाशी अधिक असते, कारण सैनिकांनी वर्षानुवर्षे साफसफाईची सळई तोंडाकडूनच आत घातलेली असते. काही सोव्हिएत रायफलींत तोंडाजवळचा झिजलेला भाग आतून रुंद कोरून टाकलेला आढळतो. तो दोष मानू नये, कारण त्यामुळे गोळीला शेवटचा स्पर्श पुन्हा धारदार चरांचा मिळतो. बोल्ट, तो ज्यात सरकतो तो रिसीव्हर आणि मॅगझीन यांवरील क्रमांक एकच आहेत का, हेही पाहावे. क्रमांक जुळले तरी ते दुरुस्ती-कारखान्यात नंतर कोरलेले असू शकतात, म्हणून जुळणारे क्रमांक हे सुरक्षिततेचे प्रमाणपत्र समजू नये. ली-एनफिल्डवर 'डीपी' ही अक्षरे कोरलेली असतील तर ती रायफल कवायतीसाठी बाद केलेली आहे आणि ती झाडू नये. ईशापूरमध्येच .४१० च्या छर्‍याच्या काडतुसासाठी रूपांतरित केलेल्या जुन्या पोलिसी बंदुकाही बाजारात दिसतात; त्या रायफली नाहीत आणि हरणासाठी उपयोगाच्या नाहीत.

डोळ्यांना न दिसणारी, पण सर्वांत महत्त्वाची तपासणी हेडस्पेसची आहे. हेडस्पेस म्हणजे बोल्ट बंद असताना त्याचा पुढचा पृष्ठभाग आणि काडतुसाला पुढे जाण्यापासून अडवणारा चेंबरमधील भाग यांतील अंतर. मोसिन आणि .३०३ यांसारख्या कडेच्या काडतुसांत तळाची कड अडते, तर .३०८ सारख्या बिनकडेच्या काडतुसांत त्यांचा उतरता खांदा अडतो. हे अंतर प्रमाणापेक्षा अधिक असेल तर बार उडताना काडतूस मागे सरकते, त्याचे पितळ ताणते आणि तळाजवळ फाटले तर तप्त वायू थेट नेमबाजाच्या चेहऱ्याकडे येतो. कारागीर 'गो', 'नो-गो' आणि 'फील्ड' अशा तीन मोजपट्ट्या वापरून काही मिनिटांत हे तपासतो, आणि बोल्ट 'फील्ड' मोजपट्टीवरही बंद होत असेल तर रायफल झाडायची नसते. त्याच भेटीत फायरिंग पिन किती बाहेर येते हेही पाहून घ्यावे. ही पिन काडतुसाच्या तळाशी असलेल्या प्रायमरवर आघात करून बार पेटवते. ती कमी आली तर बार चुकतो, जास्त आली तर प्रायमर फुटून वायू मागे येतो. या भेटीचा खर्च काही डझन काडतुसांइतका असेल. तो टाळण्यास कोणतेही सबळ कारण नाही.

लष्करी रायफल शिकारीसाठी 'सुधारण्याचा' मोह आवरावा. गेल्या शतकात असंख्य रायफलींचे लाकूड कापले गेले, नळ्या छाटल्या गेल्या, रिसीव्हरमध्ये भोके पाडून दुर्बिणी बसवल्या गेल्या, आणि त्यांतील बहुतेक रायफली आता ना धड शिकारी राहिल्या आहेत ना ऐतिहासिक. मोसिनवर दुर्बीण लावायची तर सरळ बोल्टची मूठ वाकवावी लागते किंवा मागची साइट काढून त्या जागी पुढे बैठक बसवावी लागते. या सर्वांचा खर्च मिळवला तर त्या पैशांत दुर्बिणीसह साधी नवी शिकारी रायफल येऊ शकते. ज्याला दुर्बीण आवश्यक आहे त्याने ती नवी रायफलच घ्यावी. मूळ रूपातील लष्करी रायफल हा युद्धांचा आणि कारागिरीचा दस्तऐवज आहे, आणि जो ती मूळ रूपात शिकारीला नेतो त्याने तिच्या उघड्या साइटची मर्यादा स्वीकारलेली असली पाहिजे. पूर्वीच्या मालकाने आधीच कापलेली रायफल मिळाली, तर मात्र तिच्यावर आवश्यक ते बदल खुशाल करावेत.

काडतुसांच्या बाबतीत लष्करी आणि शिकारी गरजा परस्परविरुद्ध आहेत. कोलकात्याजवळच्या दमदम येथील शस्त्रागारात १८९० च्या दशकात तयार झालेल्या, लागताच फुलणाऱ्या गोळीवरून युरोपात वाद पेटला आणि १८९९ च्या हेग घोषणेने युद्धात अशा गोळ्या वापरण्यास बंदी घातली. तेव्हापासून सैन्यांच्या रायफलींची गोळी तांबट धातूच्या पूर्ण कवचात बंद असते. ती शरीरातून अरुंद भोक पाडत आरपार जाते, आणि हरीण जखमी अवस्थेत मैलभर पळून झुडपांत तडफडत मरते. म्हणून शिकारीत नेमकी फुलणारीच गोळी लागते. तिचे टोक उघड्या शिशाचे असते, लागल्यावर ते छत्रीसारखे पसरते आणि फुप्फुसांत रुंद जखम करून प्राण्याला काही क्षणांत पाडते. अनेक राज्यांत पूर्ण कवचाच्या गोळीने हरीण मारणे बेकायदाही आहे. ४४० काडतुसांच्या सीलबंद पत्र्याच्या डब्यात मिळणारी सरप्लस काडतुसे त्यामुळे लक्ष्यावरील सरावापुरतीच ठेवावीत आणि शिकारीसाठी सर्बियाच्या प्रवी पार्टिझान किंवा झेक सेलिए अँड बेलो यांसारख्या कारखान्यांची 'सॉफ्ट पॉइंट' काडतुसे घ्यावीत. मोसिन आणि .३०३ यांच्या नळ्यांना साधारण .३११ इंच व्यासाची गोळी लागते, .३०८ ची नाही. स्वतः काडतुसे भरणाऱ्याने हा फरक विसरला तर बारीक गोळी सैल नळीत डगमगते आणि नेम विस्कटतो. काडतुसांच्या प्रत्येक खरेदीत १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याचा ११ टक्के कर आधीच समाविष्ट असतो आणि तो पैसा वन्यजीवांच्या अधिवासावर खर्च होतो. अमेरिकेत हरणांची संख्या सावरण्यात या कराचा मोठा हात आहे.

सरावाची जुनी काडतुसे वापरणाऱ्याने साफसफाईचे एक रहस्य जाणून घेतलेच पाहिजे. त्यांच्या प्रायमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असते आणि बार उडाल्यावर त्यातून पोटॅशियम क्लोराइड हा क्षार नळीत मागे राहतो. पावसाळ्यात बरणीतले मीठ जसे पाणी धरते तसा हा क्षार हवेतील ओलावा ओढतो आणि दमट हवेत एका रात्रीतच गंजाला सुरुवात होऊ शकते. तेलाने हा क्षार विरघळत नाही. तो केवळ पाण्यात विरघळतो. म्हणून झाडून झाल्यावर त्याच दिवशी चेंबरकडून नळीत गरम पाणी ओतावे, बोल्टचे तोंडही धुवावे, मग पुल-थ्रूला, म्हणजे नळीतून ओढायच्या दोरीला, कोरड्या चिंध्या लावून नळी पूर्ण कोरडी होईपर्यंत ओढाव्यात आणि सर्वांत शेवटी तेलाची हलकी चिंधी फिरवावी. एनसीसीत रायफल साफ केलेल्यांना ही क्रिया ओळखीची वाटेल. वेगळे आहे ते केवळ पाणी, आणि तेच येथे निर्णायक आहे.

साइट जुळवणे हा या सर्व प्रकरणातील सर्वाधिक वेळ मागणारा भाग आहे. सोव्हिएत पद्धतीत मोसिन संगीन लावून जुळवली जात असे, त्यामुळे संगीन काढताच नळीचे कंपन बदलते आणि गोळी बाजूला सरकते. शिवाय लष्करी साइट दूरच्या माणसाच्या आकाराच्या लक्ष्यासाठी रचलेली असल्याने शंभर यार्डांवर गोळी नेमाच्या बरीच वर लागते. ली-एनफिल्ड क्रमांक ४ ची मोठी छिद्र-साइट तर ३०० यार्डांसाठीच असते. बाजूची चूक दुरुस्त करण्याचा नियम असा की गोळ्या ज्या बाजूला जात आहेत त्याच बाजूला पुढची साइट तिच्या खाचेत किंचित सरकवायची. उंचीची चूक दुरुस्त करायला पुढची काडी उंच करावी लागते, कारण काडी उंच झाली की नेम धरताना नळीचे तोंड खाली येते. मोसिनच्या दोन साइटमधील अंतर सुमारे ६२ सेंटीमीटर आहे. १०० मीटरवर गोळी १५ सेंटीमीटर वर लागत असेल तर काडी जेमतेम ०.९ मिलिमीटर उंच करायची, एवढे साधे गणित आहे. अनेक नेमबाज त्यासाठी विजेच्या बारीक तारेवरचे प्लॅस्टिकचे आवरण कापून काडीवर चढवतात आणि हवी ती उंची मिळेपर्यंत ब्लेडने थोडे थोडे छाटतात. रायफलीला कायमचा बदल न करणारा हा उपाय उत्तम आहे. जुळवणी मात्र शिकारीला न्यायच्या काडतुसांनीच करावी; सरप्लस आणि शिकारी काडतुसे एकाच ठिकाणी लागतात असे गृहीत धरणे ही हमखास होणारी चूक आहे.

किती अंतरावरून गोळी झाडावी, याचे उत्तर रायफलीपेक्षा नेमबाजाने द्यायचे असते. हरणाच्या छातीतील फुप्फुसे आणि हृदय यांचा प्राणघातक भाग सुमारे २० सेंटीमीटर व्यासाचा असतो. शंभर मीटरवर चांगली सरप्लस रायफल टेबलावर टेकवून १० ते १२ सेंटीमीटरच्या वर्तुळात गोळ्या पाडते, पण जंगलात टेबल नसते; बसून, गुडघ्यावर किंवा झाडाच्या खोडाला टेकून, थंडीने आखडलेल्या बोटांनी आणि वाढलेल्या श्वासाने झाडताना तेच वर्तुळ दुप्पट होते. म्हणून २० सेंटीमीटरची कागदी थाळी लावून, शिकारीत ज्या स्थितीत झाडावे लागेल त्याच स्थितीतून पाच गोळ्या झाडाव्यात, आणि ज्या अंतरावर पाचही थाळीत बसतात ते त्या नेमबाजाचे अंतर समजावे. बहुतेकांसाठी ते उघड्या साइटने ६० ते १०० यार्डांच्या दरम्यान येते. पूर्वेकडील दाट जंगलात मचाणावरून एवढे अंतर भरपूर आहे. पश्चिमेच्या उघड्या माळावर ते अपुरे आहे आणि तेथे ही रायफल घरीच ठेवावी. हरीण आडवे उभे असताना, पुढच्या पायाच्या मागच्या कडेने वर जात छातीच्या खालच्या तिसऱ्या भागापर्यंत, म्हणजे फऱ्याच्या लगत मागे, नेम धरावा. डोके आणि मान टाळावी. संधिप्रकाशात काळी काडी करड्या अंगावर दिसेनाशी होते. काडी स्पष्ट दिसत नसेल तर कायद्याने वेळ शिल्लक असली तरी गोळी झाडू नये.

मैदानात वागण्याचे काही संकेत या रायफलींच्या रचनेतूनच निघतात. मोसिनची सेफ्टी लावण्यासाठी मागची गोल मूठ जोराच्या स्प्रिंगविरुद्ध ओढून फिरवावी लागते आणि हातमोजे घातलेल्या हाताने ते जवळजवळ अशक्य होते. म्हणून चालताना आणि मचाणावर चढताना चेंबर रिकामे ठेवावे, रायफल दोरीने वर ओढून घ्यावी आणि जागेवर स्थिर झाल्यावरच काडतूस चढवावे. ली-एनफिल्डच्या मॅगझीनमध्ये वरच्या प्रत्येक काडतुसाची कड खालच्या कडेच्या पुढे बसली पाहिजे, नाहीतर कडा एकमेकींत अडकून बोल्ट ऐन वेळी अडतो. मोसिनमध्ये यासाठी वेगळा अडथळक दिलेला असल्याने ती काळजी नसते. मोसिनचा सव्वा मीटर लांब आणि चार किलो वजनाचा ९१/३० हा नमुना झुडपांत अडखळतो. एम-३८ हा आखूड नमुना अधिक सुटसुटीत असला तरी त्याचा आवाज आणि तोंडाशी उठणारी ज्वाळा जबर असते आणि त्यासाठी कानांचे संरक्षण सक्तीचे मानावे.

राज्यागणिक बदलणारे नियम हंगामापूर्वी दरवर्षी नव्याने वाचावेत. ओहायोमध्ये हरणासाठी सरळ भिंतीच्या काडतुसांच्याच रायफली चालतात, आणि येथे चर्चा केलेली सर्व लष्करी काडतुसे तोंडाशी निमुळती होणारी असल्यामुळे तेथे बाद ठरतात. पेनसिल्व्हेनियात मोठ्या प्राण्यांसाठी अर्धस्वयंचलित रायफलींना परंपरेने मनाई राहिली आहे, म्हणजे गरँड आणि एसकेएस गेल्या. तेथील बंदुकीच्या नियमित हंगामात डोके, छाती आणि पाठ मिळून २५० चौरस इंच भडक नारिंगी कापडही अंगावर लागते. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिशाच्या गोळीने शिकार करता येत नाही, तेव्हा पूर्ण तांब्याची फुलणारी गोळी शोधावी लागते, आणि ती .३११ व्यासात सहज मिळत नाही. बहुतेक राज्ये नवख्या शिकाऱ्याला शिकार-शिक्षणाचा अभ्यासक्रम पूर्ण केल्याशिवाय परवाना देत नाहीत. ही अट नसती तरी परदेशातून आलेल्या आणि लहानपणी बंदूक न हाताळलेल्या माणसाने हा अभ्यासक्रम करायलाच हवा होता, इतका तो उपयुक्त आहे.

गोळी लागल्यावर हरीण दिसेनासे झाले तर घाईने मागे धावू नये. ते जेथे उभे होते ती जागा खुणेने पक्की करून अर्धा तास थांबावे आणि मग रक्ताचा माग घ्यावा. फेसाळ, गुलाबी रक्त फुप्फुसे भेदल्याचे सांगते आणि असे हरीण सहसा शंभर पावलांच्या आत सापडते. गडद रक्त किंवा पोटातील हिरवट अंश दिसला तर कित्येक तास थांबावे लागते, कारण घाईने उठवलेले जायबंदी जनावर कायमचे हातचे जाते. शिशाची मऊ गोळी वेगाने लागली की तिचे सूक्ष्म कण जखमेभोवती दूरवर पसरतात, म्हणून त्या भागाचे मांस सढळ हाताने कापून टाकावे आणि लहान मुले किंवा गर्भवती स्त्रिया घरात असतील तर याबाबतीत काटकसर करू नये. हंगाम संपल्यावर रायफल धुवून, कोरडी करून, बोल्ट वेगळा काढून कुलपात ठेवावी, काडतुसे दुसऱ्या कुलपात ठेवावीत, आणि आठवड्याने एकदा नळीतून पांढरी चिंधी ओढून पाहावी. तिच्यावर तांबूस डाग आला तर क्षार राहिलेला आहे आणि गरम पाण्याची क्रिया पुन्हा करावी लागेल.